ठिपकीचा घोडा आणि चौकटींचा कागद

एक होती उंदरीण. तिचे नाव ठिपकी.
रावजी सुताराच्या ओसरीवर होता एक लाकडी घोडा. घोडा मोठा, ठिपकी एवढीशी. ती त्याच्या डाव्या कानामागे झोपत असे.
त्या कानावर एक खूण होती. ठिपकीच्या आईच्या दाताची.
आई आता नव्हती. खूण होती.

एके दिवशी ओढ्याला पूर आला. घोडा ओढ्यात गेला. वाहत वाहत दिसेनासा झाला.
ठिपकी रडली नाही. ती निघाली.

तुरतुर तुरतुर, रावजी सुताराकडे.
“रावजीकाका, रावजीकाका, घोडा गेला ओढ्यात. तसाच घोडा करा.”
रावजीने वही उघडली. वहीत घोड्याचे चित्र होते. बारीक बारीक चौकटींवर काढलेले.
“चित्र बोराएवढे, घोडा गाडीच्या चाकाएवढा! मोठ्या चौकटींचा कागद हवा. आधी चौकटी, मग घोडा.”
“अंदाजाने काढा ना, काका!”
“अंदाजाने? अगं, अंदाजाने कानाचा पापड होतो!”
ठिपकी लगेच निघाली. कान तर तसाच हवा होता.

तुरतुर तुरतुर, सगुणाबाईच्या कागदाच्या दुकानात.
“सगुणामावशी, सगुणामावशी,
घोडा गेला ओढ्यात.
चौकटींशिवाय सुतार घोडा करेना.
मोठ्या चौकटींचा कागद द्या.”
“चौकटींचा कागद वहीएवढाच असतो, बाई. मोठा कागद कोरा. रावजीचे सूत फळीवर रेघा मारते ना? त्यालाच सांग. आधी रेघा, मग चौकटी.”

तुरतुर तुरतुर, खुंटीवरच्या सुताकडे.
“सूतदादा, सूतदादा,
घोडा गेला ओढ्यात.
चौकटींशिवाय सुतार घोडा करेना.
रेघांशिवाय कागद चौकटी देईना.
तू रेघा मार.”
“मी कोरडा. कोरड्या सुताची रेघ दिसते का कधी? आधी गेरू, मग रेघा.”

तुरतुर तुरतुर, रांजणाखालच्या गेरूकडे.
“गेरूबाबा, गेरूबाबा,
घोडा गेला ओढ्यात.
चौकटींशिवाय सुतार घोडा करेना.
रेघांशिवाय कागद चौकटी देईना.
गेरूशिवाय सूत रेघा मारीना.
तू सुताला लाग.”
“मी खडा. हा बघ, टणक! आधी पाणी, मग गेरू.”

तुरतुर तुरतुर, रांजणातल्या पाण्याकडे.
“पाणीताई, पाणीताई,
घोडा गेला ओढ्यात.
चौकटींशिवाय सुतार घोडा करेना.
रेघांशिवाय कागद चौकटी देईना.
गेरूशिवाय सूत रेघा मारीना.
पाण्याशिवाय गेरू भिजेना.
तू जरा सांड.”
“मी काठाला टेकले आहे. एक थेंब वाढला, तर सांडेन. आधी थेंब, मग पाणी.”

आता जायला कोणी उरले नव्हते.
ठिपकी रांजणाच्या काठावर बसली. तिने खाली पाहिले. पाण्यात एक उंदरीण होती. अगदी आईसारखी.
“आई?”
पाण्यातली उंदरीण बोलली नाही.
ठिपकीच्या डोळ्यातून एक थेंब पडला. टप्!

थेंब पडला, पाणी सांडले. झुळझुळ.
पाणी सांडले, गेरू भिजला. पचपच.
गेरू भिजला, सूत माखले. लाल लाल.
सगुणाबाईने मोठा कागद आणला. जमिनीवर पसरला. सुताचे एक टोक तिने धरले, एक टोक रावजीने.
टण्ण! उभी रेघ.
टण्ण! आडवी रेघ.
टण्ण! टण्ण! टण्ण! चौकटीच चौकटी!
“फळीवर रोज मारतो,” रावजी म्हणाला. “कागदावर मारायचे सुचलेच नाही!”
“सुचायला माझ्या दुकानात यावे लागते,” सगुणाबाई म्हणाली.

रावजीने एकेक चौकट पाहिली, एकेक चौकट भरली.
लहान चौकटीत कान, मोठ्या चौकटीत कान.
लहान चौकटीत शेपूट, मोठ्या चौकटीत शेपूट.
मग करवत चालली. खर्र खर्र. रंधा फिरला. सर्र सर्र.
घोडा उभा राहिला. तसाच!

ठिपकी डाव्या कानावर चढली. कान तसाच होता. गुळगुळीत होता.
“काका, खूण?”
रावजीने वही पाहिली. पुन्हा पाहिली.
“खूण चित्रात नव्हती गं. ती तुझ्या आईने केली होती.”

ठिपकीने खुणेच्या जागी नाक लावले.
मग तिने दात लावला. कुर्र.
एक खूण झाली. आईच्या खुणेहून लहान. पण तिथेच.

ठिपकी कानामागे झोपली. सूत खुंटीवर वाळले. रांजण पुन्हा काठापर्यंत भरला. आणि गोष्ट त्या कानामागे निजली.