थांबण्याची जागा

"पण मास्तर, ती चूकच आहे ना?"

निषादने हे विचारलं तेव्हा इनास मास्तर ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते.

"कुठली?"

"रेडिओवरच्या तुमच्या रेकॉर्डिंगमधली. विहिरीवरच्या गाण्यात, तिसऱ्या ओळीत, तुम्ही मध्येच थांबता. ताल मोडतो तिथे."

मास्तरांनी दाणे ताटलीत टाकले.

"मोडतो खरा," ते म्हणाले. आणि पुढची शेंग उचलली.

निषाद दातार त्या सकाळीच पुण्याहून वसईला आला होता. गिटारवादक म्हणून त्याचं नाव झालं होतं. हात असा पळायचा की लोक वाजवणं ऐकायचं सोडून बोटांकडे बघत बसत. पण त्या बोटांना पहिली वाट दाखवली होती ती या म्हाताऱ्याने, समोर न येता.

इनास मास्तरांच्या आधी वसईच्या वाड्यांमधून लग्नात धून वाजायची ती व्हायोलिनवर. गिटार मागे उभी राहून नुसती साथ धरायची. तरुण इनासने व्हायोलिनचं ते सगळं वाजवणं गिटारच्या तारांवर उतरवलं, एकेक सूर सुटा आणि मण्यासारखा गोल. रेडिओवाल्यांनी त्यांचं एकच गाणं टिपून घेतलं. नवरीसाठी विहिरीचं पाणी आणायला निघतात, तेव्हाचं गाणं. ते कॅसेटवरून कॅसेटवर उतरत राहिलं. पुढे या किनाऱ्यावर ज्याने ज्याने गिटार हातात घेतली, त्याने आधी तेच गाणं बसवलं. निषादही शाळेत असताना मित्राकडे ती कॅसेट ऐकून वेडा झाला होता.

आता मास्तरांची बोटं संधिवाताने आखडली होती. पुढच्या महिन्यात पुण्यात त्यांचा सत्कार होता आणि सत्कारात ते गाणं निषाद वाजवणार होता.

"सगळे तिथे थांबतात, मास्तर. का थांबायचं ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही थांबलात म्हणून थांबतात. मी ती जागा भरून काढलीय. तुमची परवानगी असेल तर सत्कारात तसंच वाजवीन."

"वाजव की."

निषादने पेटीतून गिटार काढली, तारा जुळवल्या आणि सुरू केलं. तिसरी ओळ आली. जिथे पोकळी होती तिथून सूर असे सरसर खाली उतरले की त्याचं त्यालाच बरं वाटलं. तालाचा धागा कुठेही तुटला नाही.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"हात गोड आहे तुझा," ते म्हणाले. "देवाने दिलाय, तू राखलास. आता वाजवता वाजवता गा."

"मी गात नाही, मास्तर."

"शब्द येतात ना?"

शब्द येत होते. निषाद वाजवत गाऊ लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याचा आवाज फाटला. त्याने छाती भरून घ्यायला बघितलं, पण हात थांबेना. सूर पुढे निघून गेले आणि शब्द मागे राहिले.

त्याने वाजवणं बंद केलं.

"लांब ओळ आहे," तो ओशाळून म्हणाला.

"कतरीनलाही लांबच पडायची."

"कोण?"

"माझी बायको. तिला दमा होता."

मास्तरांनी ताटली बाजूला सरकवली.

"हे गाणं मी तिच्याकडूनच घेतलं. ती गायची आणि मी मागून वाजवायचो. त्या ओळीत तिला दम पुरायचा नाही. मग मी थांबायचो... ती श्वास घ्यायची... आणि आम्ही दोघं पुढे जायचो. रेडिओवाले म्हणाले, नुसती गिटार हवी, गाणं नको. तिला बाहेर बसवलं. मध्ये काच होती. मी वाजवायला लागलो आणि बघतो तर बाहेर बाकावर बसून ती गात होती. आवाज कुठला ऐकू येणार? ओठ हलत होते नुसते. ती ओळ आली. तिने छातीवर हात ठेवला. मग मी कसा पुढे जाऊ?"

इतक्या वर्षांत निषादने ती जागा यंत्र लावून मोजली होती. तिथे कुणी माणूस असेल हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"मला सांगायला हवं होतं कुणीतरी," तो हळूच म्हणाला.

"कुणी विचारलंच नाही. आणि मीही कशाला सांगू? मला तिचा तो थांबा सगळ्यांकडून ऐकायला मिळत होता ना!"

पलीकडच्या वाडीतून घुमटाचा, त्या मातीच्या चामडं ताणलेल्या वाद्याचा, आवाज उठला. मास्तर काठी घेऊन उभे राहिले.

"चल. शेजारच्या दुमिंगच्या नातीचं लग्न आहे. पाण्याला निघालेत."

केळीच्या बागेतून पायवाट विहिरीकडे जात होती. वरात पोचली होती. लाल लुगड्यातल्या बाया घागरी घेऊन काठावर उभ्या होत्या. नवरीची धाकटी बहीण गिटार गळ्यात अडकवून वाजवत होती. गाणं तेच होतं. गात होती फिलोमेन मावशी, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

तिसरी ओळ आली.

मुलीचा हात थांबला.

निषादच्या डोक्यात तो थांबा पाठ होता. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्या हिशेबाने थांबा संपला. पण मुलगी वाजवेना. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती. मावशीचे खांदे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले... घुमटवाल्याने बोटं चामड्यावर नुसती टेकवून ठेवली होती. घागरीवाल्या बायाही गप्प होत्या. मास्तरांनी निषादचं मनगट घट्ट धरलं.

मग मावशीचा आवाज फुटला, चिरका आणि खणखणीत. आणि गिटार तिच्यासोबत निघाली.

बायांनी हसून घागरी विहिरीत सोडल्या.

निषादने वळून पाहिलं. मास्तरांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांना घाई दिसत नव्हती.

"या पोरीने कतरीनला बघितलेलं नाही," ते म्हणाले. "तिच्या आईनेही नसेल. कतरीन गेली तेव्हा मला वाटलं होतं, तिच्यासाठी थांबणारं आता कुणी उरलं नाही... आणि ही बघ. अख्खी वाडी थांबते. मला आणखी काय हवं?"

निषाद खाली वाकला आणि त्याने मास्तरांच्या पायांना हात लावला. सकाळी आल्यावरही त्याने नमस्कार केला होता. तो रीत म्हणून होता.

"मास्तर, तुमच्यामुळे मी गिटार धरली," तो म्हणाला.

"आणि तू कतरीनचं गाणं पुण्याला नेलंस. तिला हे वसईचं स्टेशनसुद्धा लांब वाटायचं. उपकार तुझेच आहेत, बाबा."

वरात पाणी घेऊन घराकडे वळली. दोघे मागून चालू लागले. मग निषादने विचारलं,

"सत्कारात मी थांबेन, मास्तर. पण आता मला कळेनासं झालंय... नेमकं किती थांबायचं?"

मास्तर पायवाटेवर उभे राहिले. त्याच्याकडे बघून हसले.

"तुझ्या घरी कोण गातं?"