फक्कीचे घर

गुळाची अडत चालवणारा एक व्यापारी एकदा एका वृद्ध गवंड्याकडे आला. आई, आपला संसार आणि धाकट्या भावाचा संसार एका छपराखाली नांदेल असे मोठे घर त्याला बांधायचे होते. पायाखुदाईचा मुहूर्त तोंडावर आला होता.

"बांधीन," म्हातारा म्हणाला. "पण आधी आखणी करीन आणि तिचे पैसे वेगळे घेईन. पुढे बांधकाम झाले नाही, तरी ते परत मिळणार नाहीत."

व्यापाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रेघा मारायचे पैसे? मिस्त्री, पलीकडच्या आळीतला ठेकेदार नकाशा फुकट देतोय. वर चहा पाजतोय."

"चहा चांगला असेल तर जरूर घ्या."

म्हाताऱ्याच्या मागे उभा असलेला त्याचा शिष्य धास्तावला. कित्येक दिवस हाताला काम नव्हते. बिगारी रोज सकाळी येऊन ओट्यावर बसत आणि ऊन चढले की मुकाट्याने उठून जात. हे काम गेले तर ती माणसेही जाणार होती. व्यापारी दारापर्यंत गेला, घुटमळला, आणि परत येऊन त्याने पैसे ठेवले. "तुमच्या भिंतीला तडा जात नाही म्हणतात, म्हणून देतोय," तो चिडूनच म्हणाला.

मुहूर्ताच्या सकाळी म्हाताऱ्याने रिकाम्या जागेवर चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापाचे घर आखले. भिंतींच्या जागी पांढऱ्या रेघा, दारांच्या जागी मोकळ्या फटी. भटजी पूजा मांडून बसले होते. बिगारी कुदळी घेऊन उभे होते. घरची माणसे आली तेव्हा म्हातारा म्हणाला, "रात्र झाली आहे असे समजा. दारातून आत या आणि जो जिथे निजणार, तिथे उभा राहा."

बायका हसू लागल्या. आई आपल्या खोलीत जाऊन म्हणाली, "ऐसपैस आहे हो. भिंत नाही, म्हणजे सुनांचं सगळं ऐकू येईल." व्यापारी आपल्या खोलीत उभा राहिला. धाकटा भाऊ आणि त्याची बायको मात्र रेघेच्या बाहेरच थांबली.

"मुकुंदा, आत ये की."

"हो दादा."

पण तो हलला नाही. भटजींनी घसा खाकरला. "वेळ टळते आहे."

शिष्याने कुदळी घेऊन उभ्या असलेल्या बिगाऱ्यांकडे पाहिले. एका पावलाचा तर प्रश्न होता. तो पुढे झाला आणि हसतमुखाने धाकट्याचा दंड धरून म्हणाला, "या ना, ही पूर्वेची खोली तुमची."

"सोड त्यांना," म्हातारा म्हणाला. मग बिगाऱ्यांकडे वळून त्याने सांगितले, "कुदळी खाली ठेवा."

कुणाला काही कळेना. धाकट्याने मान वर केली. "दादा, अडतीवर मी जन्मभर तुझ्याबरोबर आहे. पण मला चूल वेगळी हवी. सांगेन सांगेन म्हणत होतो, धीर होत नव्हता."

"आणि आज चारचौघांत सांगतोस?" व्यापारी रेघ ओलांडून त्याच्या अंगावर गेला. त्याचा हात उगारला गेला.

आई दाराकडे वळलीच नाही. ती भिंतींतून सरळ चालत आली. लुगड्याच्या काठाने फक्की पुसत गेली. "हात खाली घे," ती म्हणाली. "तो रेघेबाहेर उभा आहे. आपल्याला सोडून गेलेला नाही."

व्यापाऱ्याने हात खाली घेतला. मुहूर्त टळला. मग तो म्हणाला, "मिस्त्री, आज खोदू नका."

परतताना शिष्याला राहवेना. "बाबा, तो आत येतच होता. काम सुरू झालं असतं. मला का अडवलंत?"

"मोह मलाही झाला," म्हातारा म्हणाला. "आखणी फुकट केली असती, तर त्याचा दुसरा दंड मीच धरला असता. जो फुकट आखतो त्याची मजुरी भिंतीत अडकलेली असते. भिंत उभी राहिली तरच ती सुटते. मग गिऱ्हाईक कुठे अडखळले हे त्याला दिसत नाही. दिसले तरी तो पाहत नाही. माझी मजुरी मला मिळाली होती. म्हणून 'बांधू नका' हे शब्द ऐकायला माझे कान मोकळे होते. त्या गृहस्थाने रेघा विकत घेतल्या नाहीत. त्याने हे मोकळे कान घेतले."

"पण ओट्यावरची माणसं?"

"त्यांना मी सांगेन," म्हातारा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांतली काही माणसे दुसऱ्या कामावर निघून गेली.

काही दिवसांनी व्यापारी भावाला घेऊन आला. दोघांचे चेहरे ओढलेले होते. "दोन चुली, मध्ये एक अंगण," व्यापारी म्हणाला. "आईचं दार दोन्हीकडे उघडेल असं काही जमतं का पाहा. आखणीचं जे होईल ते सांगा."

या वेळी फक्की शिष्याने टाकली. शेवटची रेघ पुरी झाल्यावर त्याने कुणालाच आत बोलावले नाही. तो मागे सरला आणि कोण कुठे थांबते आहे, हे शांतपणे पाहू लागला.