नकाशाबरहुकूम गाव

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव आंबेखोल आणि माणूस मी, केरबा. दुसरा कुणी सापडला असता तर त्याचंच नाव सांगितलं असतं.

आमच्या वरच्या आळीला पाण्याची टाकी मिळणार होती. पण त्याआधी गावाचा नकाशा हवा होता, तोही काँप्युटरवरचा. त्याला जीआयएस म्हणतात. तो शिकायला तालुक्याला पाच दिवस माणूस पाठवायचा होता. सुगीचे दिवस. सगळे रानात. रिकामा एकटा मीच. मी बारा महिने रिकामा असतो, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला एवढंच.

निघताना बायको, शेवंता, म्हणाली, "अहो, नीट शिकून या. दोन घागरी नि ही चढण. माझे गुडघे आता बोलायला लागलेत."

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं. तिथूनच खरं तर काळजी सुरू व्हायला हवी होती.

शिकवायला हिरेमठ सर होते. फार शांत माणूस. म्हणजे पहिल्या दिवशी होते. ते म्हणाले, "ज्याची नोंद करायची, तिथं जाऊन उभं राहायचं. मोबाईलचं बटण दाबायचं. नकाशावर ठिपका उमटतो. संध्याकाळी गावात जाऊन करून बघा."

"बरं सर," मी म्हटलं.

घरी आलो. समोर म्हैस दिसली. तिच्याजवळ उभा राहिलो, बटण दाबलं. ती पुढं सरकली. मीही सरकलो, पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "केरबा, ह्या अकरा म्हशी कुणाच्या?"

"एकच आहे सर. चरत होती."

सरांनी अकरा ठिपके पुसले. म्हणाले, "हलणाऱ्या वस्तूची नोंद करायची नाही. जे जागचं हलत नाही तेवढंच घ्यायचं. कळलं?"

"बरं सर."

त्या संध्याकाळी देऊळ घेतलं, शाळा घेतली. पारावर बसणारे तुकाआप्पा घेतले. आठ वर्षं झाली, ते तिथून हललेले मी पाहिले नाहीत.

सर नकाशा बघून म्हणाले, "तुमच्या गावात ओढा आहे ना? तो कुठाय?"

"आहे की. पण हलतोय."

"काय करतोय?"

"वाहतोय सर. जागचा राहत नाही. म्हणून सोडला."

सर खुर्चीत बसले. तुकाआप्पांचा ठिपका त्यांना दिसलाच नाही. थोडं पाणी प्यायले नि म्हणाले, "अहो, ओढा म्हणजे रेषा. एका टोकाला सुरू करायचं, कडेकडेनं चालायचं, दुसऱ्या टोकाला थांबायचं."

"बरं सर."

ओढा झकास काढला. मग हुरूप आला म्हणून आमचं शेतही काढलं. बांधाच्या एका टोकाला निघालो, दुसऱ्या टोकाला थांबलो.

"हे शेत आहे?" सर म्हणाले. "ही तर काठी दिसतेय! केरबा, शेताला पुरी फेरी मारायची. जिथून निघालो तिथं परत आल्याशिवाय थांबायचं नाही. आकार बंद झाला की काँप्युटर आत हिरवा रंग भरतो. मग ते शेत."

"बरं सर."

शेताला पुरी फेरी मारून आलो. आता उरला होता गावचा रस्ता. मी घरापासून निघालो. एका कडेनं फाट्यापर्यंत गेलो, दुसऱ्या कडेनं परत आलो. घरी आल्याशिवाय थांबलो नाही. यावेळी चूक नाही, मनात म्हटलं. काँप्युटरनं आत हिरवा रंग भरला.

पाचव्या दिवशी सर घाईत होते. नकाशा न बघताच छापायला दिला. म्हणाले, "आठ दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येतील. नकाशा आणि जमीन जुळली पाहिजे. फरक दिसला की टाकी गेली. काही चुकलं असेल तर जुळवून ठेवा."

"बरं सर," मी म्हटलं.

नकाशा तर छापून झाला होता. त्यात आता काय बदलणार? म्हणून मी जमीन दुरुस्त करायला घेतली.

तुकाआप्पा नेमके लेकीकडे गेले होते. आठ वर्षांत पहिल्यांदा. मोटारसायकलवर घालून आणले आणि पारावर बसवले. "अरे, मला जेवू तरी दे," म्हणाले. म्हटलं, साहेब येऊन जाऊ देत. म्हशीचे ठिपके सरांनी पुसले होते, तेवढी मेहनत वाचली.

मग रस्ता. नकाशात शेत. फाट्यापासून माझ्या दारापर्यंत हिरवंगार.

बैल जुंपले. रस्ता मातीचा, तरी बैलांच्या तोंडाला फेस आला. लोक ओरडले, "केरबा, येडा झालास काय?" मी म्हटलं, "सरकारी काम हाय." मग सगळे बाजूला झाले. शेवंतानं विचारलं, "हे टाकीचंच काम ना?" म्हटलं, "होय." ती घरात गेली आणि बियाणाचा शाळू घेऊन आली. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला भरून आलं. सहाव्या दिवशी कोंब दिसायला लागले. काय रंग जुळला होता!

साहेबांची जीप फाट्यावरून आत शिरली आणि शाळूत रुतली. साहेब उतरले. बूट मातीत गेले.

"काय हो, रस्ता कुठाय?"

"नकाशा बघा की साहेब. इथं शेत हाय."

साहेबांनी नकाशा बघितला. शाळू बघितला. पुन्हा नकाशा बघितला. मग बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, सही केली, माझ्या हातात दिला आणि फाट्याकडं चालत गेले.

मी पळत घरी आलो. शेवंता दारात उभी. "काय लिहिलंय? वाचा ना!"

मी वाचलं, "नकाशा बिनचूक." आणि जरा थांबलो, कौतुक होईल म्हणून.

"पुढं?"

"गावाला रस्ता नाही. सामान नेता येणार नाही. टाकी रद्द."

शेवंता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोन्ही घागरी आणून माझ्या हातात दिल्या. "आजपासून पाणी तुम्ही आणायचं. भरलेल्या घागरी घेऊन घरी आल्याशिवाय थांबायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

ओढ्यावर गेलो, भरलं, चढण चढलो, घरी आलो, थांबलो. घागरी घेऊन तसाच उभा राहिलो. तासाभरानं शेवंता बाहेर आली. "अहो, आत ओता की!"

"ते तू सांगितलं नव्हतंस," मी म्हटलं.

मग मात्र ती ओरडली.