शेवंतीचा चढ

रिक्षावाल्यानं तुम्हाला या हौदापाशी उतरवलं म्हणून त्याच्यावर रागावू नका, ताई. या चढावर कुणीच बसून जात नाही. रिक्षा रिकामी वर जाते, माणूस मागून चालतो. वरातीतला नवरदेवसुद्धा इथं घोड्यावरून उतरतो.

तुम्ही जुन्या ट्रामचा शोध घेताय. नकाशात खाली बाजार आहे, वर नाका आहे, मधे थांबा नाही, मग घोड्यांचा हौद अर्ध्या चढावर कसा, हा तुमचा प्रश्न. नकाशा काढणारा कधी इथं चालला नसेल, दुसरं काय! मी दुसरीत शाळा सोडली, पण हे मला आजोबांनी सांगितलंय. मधे बोलू नका.

तेव्हा रुळावरून घोड्याची ट्राम चालायची. या चढावर ती ओढायला शेवंती नावाची पांढरी घोडी होती, आणि इमामभाई तिचा कोचमन. अख्ख्या पेठेची ती लाडकी. फुटाणेवाली आवडाबाई तिला रोज मूठभर फुटाणे चारायची. पण घोडी म्हातारी झाली. कंपनीचा नियम असा होता म्हणे, की जे जनावर चढावर तीनदा थांबेल ते कातडीवाल्याला विकून टाकायचं. शेवंती दोनदा थांबली होती.

चैत्रात तपासणीचा साहेब आला. त्या सकाळी इमामभाईनं पिराला आणि वरच्या देवीला, दोघांनाही नवस केला: घोडी वाचू दे, या चढावर मी जन्मात बसून जाणार नाही.

आता आमच्या पेठेची अक्कल बघा. शेवंतीला धीर द्यायला म्हणून सगळे तिकीट काढून ट्राममध्येच बसले! सोळा माणसांची गाडी, बसली तीस. कुणी नारळ आणला, कुणी ताशा. आवडाबाई पोत्यासकट चढली. आणि त्यांच्यात भर म्हणून साहेबही त्याच गाडीत.

घोडी इथवर आली, बरोबर हा हौद आहे तिथं, आणि थांबली. ताशा बंद पडला. इमामभाई खाली उतरला आणि तिच्या मानेला मिठी मारून रडायला लागला.

“तिसऱ्यांदा,” साहेब म्हणाला.

“मेल्यांनो,” आवडाबाई ओरडली, “तिला धीर द्यायला आलो आणि तिच्याच मानेवर बसलो की रे! उतरा!” पोतं घेऊन ती आधी उतरली, मागून सगळे उतरले. साहेबही उतरला. म्हणाला, नियम तो नियम, वर कचेरीत जाऊन विक्रीचा हुकूम लिहितो. आणि पायीच निघाला.

ऊन रणरणतं, बूट जड, पोट पुढं. वीस पावलांवर साहेब दम खायला थांबला.

“एक!” मागून आवडाबाई म्हणाली.

साहेबानं वळून बघितलं आणि पुन्हा निघाला. लिंबाखाली पुन्हा थांबला.

“दोन!” आता सगळी पेठ ओरडली. काय मोजताहेत ते साहेबाला कळलं. दात आवळून चालला. नाका दहा हातांवर आला आणि गडी वाकला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

“तीन! इमामभाई, कातडीवाल्याला बोलवा. दोन नग आहेत म्हणावं!”

साहेब आधी लालबुंद झाला, मग हसायला लागला. इतका हसला की रस्त्यातच बसला. तेवढ्यात रिकामी ट्राम घेऊन शेवंती टपटप वर आली आणि त्याच्या शेजारून न थांबता पुढं गेली. असं सांगतात, की साहेबानं टोपी काढून तिला वाट करून दिली. मग कचेरीत जाऊन हुकूम लिहिला, पण वेगळाच: चढाच्या मध्यावर पाण्याचा हौद बांधावा, आणि उतारूंनी तिथं उतरून चालावं.

शेवंती आणखी नऊ वर्षं जगली. इमामभाई तिच्या शेजारून रोज पायी चढला.

पुढं ट्राम बंद झाली, रूळ उखडले, नाक्याचं नावही बदललं. आजही मात्र या चढावर कुणी बसून जात नाही, आणि आजही चालणारा दमून थांबला की दारादारातून लोक मोठ्यानं मोजतात.

चला, उठा. वर देवळापाशी रुळाचा एक तुकडा उरलाय, तो दाखवतो. आणि दम लागला तर चप्पल नीट करायचं नाटक करू नका. त्या निळ्या खिडकीतली म्हातारी पन्नास वर्षं मोजतेय, तिला सगळं समजतं.