बाहीशिवायची चोळी

फार वर्षांपूर्वी एका नदीच्या अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे दुसरे. अलीकडच्या राज्यात कोष्ट्यांचे एक गाव होते. तिथे मल्हारी नावाचा कोष्टी राहायचा. त्याची लुगडी दोन्ही काठांवर विकली जायची. गावातले सगळे कोष्टी त्याचा शब्द मानत.

पुढे पलीकडच्या विणकरांनी पातळ, स्वस्त लुगडी विणायला घेतली. त्यांच्या गाड्या नदी उतरून अलीकडच्या बाजारात येऊ लागल्या. बायका ती लुगडी हातात घेऊन म्हणायच्या, "अगंबाई, किती हलकं!" मल्हारीच्या दुकानातली गर्दी ओसरली.

मल्हारी वैतागला. "राजाकडेच जातो. या गाड्या बंद करायला लावतो."

त्याची बायको गोदाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. ती म्हणाली, "अहो, आपलं सूतही त्यांच्याकडूनच येतं. त्यांनी हात आखडला तर मागावर काय लावाल? त्यापेक्षा आपणही थोडं पातळ विणून बघू."

"सूत विकल्याशिवाय त्यांची चूल पेटणार आहे का? तू कांड्या भर," मल्हारी म्हणाला आणि गेला.

राजाने त्याचे ऐकले. नदीवर नाका बसला. पलीकडच्या लुगड्यांची महिन्याला एकच गाडी येईल, असा हुकूम निघाला.

कोष्ट्यांनी पेढे वाटले आणि लुगड्यांचे भावही वाढवले. गरीब बायका जुन्या लुगड्यांना ठिगळे लावू लागल्या. गोदाई एकदा पाण्याला जाऊन आली ती चिडूनच. "विहिरीवर कुणी माझ्याशी बोलत नाही. मी काय कुणाचं लुगडं ओढून आणलंय?"

पलीकडचे व्यापारी मात्र स्वस्थ बसले नाहीत. एकच गाडी न्यायची, तर स्वस्त माल कशाला न्यायचा? त्यांनी ती गाडी रेशमी शालूंनी भरली. लग्नघरांनी मल्हारीकडे सांगून ठेवलेली लुगडी नाकारली.

मल्हारी पुन्हा राजाकडे गेला. राजाने रेशीम अडवले. मग व्यापाऱ्यांनी शिवलेल्या चोळ्या आणल्या. "हे लुगडं कुठंय? ही तर चोळी!" ते नाक्यावर म्हणाले. आता शिंपी ओरडत दरबारात आले. राजाने चोळ्या अडवल्या. दुसऱ्याच दिवशी नाकेदार धापा टाकत आला.

"महाराज, आज त्यांनी बाह्या न लावलेल्या चोळ्या आणल्यात. म्हणतात, बाही नाही म्हणजे ही चोळीच नाही. मी काय करू?"

राजाने कपाळाला हात लावला. "बाह्यांचाही हुकूम काढा! आणि मला थोडा वेळ झोपू द्या!"

पण झोप कुठली? तिकडचा राजाही आता चिडला होता. त्याने अलीकडची लुगडी घेणे बंद केले आणि सुताच्या गाड्या थांबवल्या. कोष्ट्यांच्या गावात एकेक माग बंद पडत गेला.

सगळे कोष्टी मल्हारीला पुढे घालून दरबारात आले. वाटेत ते त्याला सांगत होते, "त्यांचं काहीच येऊ देऊ नका म्हणावं. मीठसुद्धा नको. येतील नाक घासत."

राजा त्यांना पाहताच म्हणाला, "आता आणखी काय?"

मल्हारीने मागे पाहिले. सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. आणखी अडवणे म्हणजे सगळ्यांचे घरदार बुडवणे होते, आणि सुरुवात त्यानेच केली होती.

"महाराज, नाका उठवा," तो म्हणाला.

"अरे, काय बोलतोस?" मागून कुणीतरी ओरडले.

"खरं तेच बोलतोय. पहिला हुकूम मीच मागितला होता. गोदाई सांगत होती, मी ऐकलं नाही. आता आणखी अडवलं तर माग विकावे लागतील."

राजा उसळला. "मग आधी हे सुचलं नाही? बाह्या मोजायला लावल्यास मला!" पण त्याने नाका उठवला. तिकडच्या राजानेही सूत सोडले.

सूत आले, गिऱ्हाईक मात्र आपोआप आले नाही. पलीकडच्या बायकांना आता दुसरीकडची लुगडी घ्यायची सवय लागली होती. गावातले काही कोष्टी मल्हारीशी बोलेनात. तो आणि गोदाई पातळ लुगडे विणायला बसली. पहिले काठाला ओढले गेले, दुसरे मध्येच विरळ झाले. "उसवा," गोदाई म्हणायची, आणि दोघे पुन्हा बसायची.

शेवटी एक लुगडे जमले. ते घेऊन दोघे नदीपलीकडच्या बाजारात गेली. भर उन्हात मल्हारीने लुगड्याचा पदर पसरून धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला हाक मारली, "या बाई, हात तर लावून बघा!"

दिवस कलता कलता एक म्हातारी थांबली. तिने लुगडे उन्हासमोर धरले, चुरगाळून पाहिले, पुन्हा सरळ केले.

"काठ आणखी रुंद हवा," ती म्हणाली.

"पुढच्या बाजाराला रुंद काठाचं आणतो," मल्हारी म्हणाला.

"हेही दे," म्हातारी म्हणाली.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याचा माल अडवून आपला माल चांगला होत नाही, आणि चूक कळल्यावर ती वाढवण्यापेक्षा चारचौघांत कबूल करणे स्वस्त पडते.