जादा उंदीर

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावर गरुडराजाचं राज्य होतं. त्याचे ससाणे आभाळात घिरट्या घालून सगळ्या पाखरांच्या घरट्यांची राखण करायचे.

पुढे पलीकडच्या गावात धान्याचा बाजार भरू लागला. तिथले उंदीर गुबगुबीत आणि शिकार बिनकष्टाची. एकेक ससाणा तिकडे पळू लागला, तसा राजा धास्तावला. उरलेल्यांना त्याने घिरट्या बंद करून फांदीवरच बसवून ठेवलं आणि दवंडी पिटवली, "जो थांबेल, त्याला रोज एक उंदीर जादा!"

"मला उंदीर नको, महाराज," एक तरुण ससाणी म्हणाली. "फांदीवर बसून बसून पंख आखडलेत. मला रोज उडू द्या, म्हणजे झालं."

"वेडी की काय तू? आधीच तुम्ही मूठभर उरलात. उडताना कुणी जायबंदी झालं म्हणजे?"

ससाणी त्याच दिवशी निघून गेली. बाकीचे थांबले. राजा रोज सकाळी भरलेल्या फांदीकडे बघायचा आणि खूश व्हायचा.

एका दुपारी टिटवी किंचाळत आली. "महाराज, घोरपड माझ्या अंड्यांपाशी पोचली! कुणाला तरी पाठवा हो!"

"उडा रे!" राजा गरजला.

फांदी नुसती कुरकुरली. जागचं कुणी हललं नाही.

"अरे, मग रोज जादा उंदीर कशाचा खाता?"

सगळ्यांत गुटगुटीत ससाण्याने ढेकर आवरला आणि अदबीने म्हणाला, "थांबण्याचा, महाराज."