थोरल्या शेट्यांची तिरडी

मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, आप्पासाहेब शेटे त्यांतले. केरबा बुरुडाने बायकोच्या दुखण्यात त्यांच्याकडून दोनशे रुपये घेतले. बायको गेली, कर्ज राहिलं. टोपल्या आणि तिरड्या विकून ते फिटेना. आप्पासाहेबांचा डोळा मात्र केरबाच्या पेठेतल्या जागेवर. त्यांनी त्याला दिवाळखोर ठरवण्याचा अर्जच कोर्टात ठोकला.

मुन्सफांनी विचारलं, "केरबा, तुझं कुणाकडे काही येणं आहे? दिवाळं निघालं, तर तेही कोर्टच वसूल करील."

केरबा हात जोडून म्हणाला, "एक आहे, साहेब. पण तिरडीचे पैसे आम्ही तोंडानं मागत नाही. तेराव्याला घरचे आपणहून आणून देतात. आप्पासाहेबांचे वडील जाऊन वर्ष झालं, अजून कुणी आलं नाही. मी मेलो तरी मागितले नसते. आता कोर्टानंच पेठेत दवंडी पिटावी, की थोरले शेटे उधारीच्या तिरडीवरून गेले."

कोर्टात कुणी हसलं नाही. आप्पासाहेबांनी खालमानेनं अर्ज मागे घेतला. बाहेर येताच त्यांनी शंभराची नोट केरबाच्या अंगावर फेकली. "घे तुझ्या तिरडीचे!"

केरबानं नोट उचलून नीट घडी घातली.

"तिरडीचे तीसच होतात, आप्पासाहेब. वरचे जमा धरतो. तुमच्या वेळी तुमच्या पोरांनाही विसर पडला, तर अडायला नको."